मोरीची पाळ फोडायची, वाढवायची, की थोडी उतरवायची?

पुलगावच्या अलीकडल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, कामापुरतं इथं देतो.

“भाऊ, आमच्या घराच्या मागच्या अंगाला सैपाकघर अन् न्हाणी लागून आहे, दोन्हीचे पाइप बाहेर भिंतीला टेकून असलेल्या चौकोनी मोरीत पडतात. मोरीभोवती विटांची पाळ आहे, अंगणापासून मोजली तर 9 इंच. मागच्या दिवाळीला मागं सगळा कोबा करून घेतला, तेव्हापासून सासूबाई तिला अडखळून दोनदा पडल्या, दुसऱ्या वेळी मनगटाला प्लास्टर लागलं. मिस्त्री म्हणते पाळ पूर्णच काढून टाकू, जमिनीला लेव्हल जाळी बसवू, झाडाले बी सोपं अन् गाडी बी उभी राहीन. घरचे तयार आहेत. मुलगा मात्र म्हणतो उलट एक थर अजून चढवा, कारण गेल्या श्रावणात न्हाणीच्या जाळीतून घाण पाणी गुडगुड करत वर आलं होतं. न्हाणीची फरशी अंगणापासून दीड पायरी वर आहे, तीही मोजली, 9 इंचच भरली. आणि सासूबाई म्हणतात हात लावू नका, मी त्याच पाळीवर बसून भांडी घासते. आता ऐकू तरी कोणाचं?”

ताई, पहिले तर मापं घेऊन पत्र लिहिलं हे लय चांगलं केलं, नाहीतर लोक ‘जराशी उंच आहे’, ‘थोडी खाली आहे’ एवढंच लिहितात अन् मग इकडं बसून मी काय अंदाज लावू. आणि तुमच्या पत्रातच उत्तर आहे, दोनदा आलेला 9 हा आकडा. पाळ 9 इंच, न्हाणीची फरशी पण 9 इंच. म्हणजे मोरीचा वरचा काठ आणि तुमच्या न्हाणीचा तळ एकाच पातळीत आहेत, आणि गेल्या श्रावणातला तो प्रकार बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच झालाय.

हे कसं ते सांगतो. मिस्त्री लोक लेव्हल काढायला ती पारदर्शक नळी वापरतात ना, पाणी भरलेली, एक टोक इकडं धरलं एक तिकडं की दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. तुमची मोरी आणि न्हाणी ही तशीच एक नळी आहे, मधे फक्त पाइप आहे. पुढची लाइन तुंबली की मोरीत पाणी चढायला लागतं, आणि ते जेवढं मोरीत चढतं तेवढंच पाइपातून न्हाणीकडं पण चढतं. मग ज्या तोंडाची उंची कमी तिथून ते बाहेर पडणार. आता न्हाणीची फरशी जाळीकडं उतरती केलेली असते, म्हणजे जाळी फरशीच्या कडेपेक्षा अजून अर्धा-एक इंच खालीच. तुमची जाळी साडेआठ धरा अन् पाळ नऊ. म्हणजे पाळीवरून अंगणात एक थेंब सांडायच्या आधी न्हाणीत पाणी! मुलाचं ऐकून अजून एक थर चढवला तर जे आज थोडं आलं ते उद्या तळहातभर येईल. त्याला हे नळीचं गणित समजावून सांगा, पोरगा हुशार दिसतो, अडचण त्यानंच बरोबर ओळखली, उपाय तेवढा उलटा काढला.

बाहेरच्या मोरीचं एक काम सांडपाणी घ्यायचं आणि दुसरं, जे कोणी सांगत नाही, ते म्हणजे लाइन तुंबली की आपण आधी भरून वाहायचं, घराला वाहू द्यायचं नाही. घाण वास सुटला तरी अंगणात सुटावा, चुलीजवळ नको. त्यासाठी मोरीचा काठ न्हाणीच्या जाळीपेक्षा सहा इंच तरी खाली ठेवतात. म्हणून पाळ कमी करा हे मिस्त्रीचं अर्धं म्हणणं मला पटलं. पण पूर्ण काढा, जमिनीला लेव्हल करा, हे मात्र बिलकुल नाही. बिलकुल म्हणजे बिलकुल.

का ते माझ्याच घरचं सांगतो, कारण ही चूक मी करून बसलोय. आईच्या घरी अशीच मोरी होती, तिची पाळ पायात येते म्हणून मी एका उन्हाळ्यात ती पूर्ण फोडून सपाट जाळी बसवून घेतली, मस्त दिसत होती, खराट्याचा एक हात मारला की अंगण साफ. मग पावसाळा आला. पोळ्याच्या दिवशी दुपारी असा दणकून पडला की बैल धुवायचं पण काम उरलं नाही, ते दावणीला उभे उभेच धुवून निघाले, आणि अंगणातलं सगळं मुरूम, शेणाचं पाणी, कडुनिंबाचा पाला, कोंबड्यांच्या खुराड्याखालचं काय काय, सगळं वाहत वाहत त्या जाळीत गेलं. जाळीवरचा पाला मी हातानं काढत होतो, पण खाली जे मुरूम बसायचं ते बसून चुकलं होतं. घरात पाहुणे, पुरणपोळीची ताटं पडलेली, अन् इकडं मोरी घट्ट. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरून राहिली अन् मी खांद्यापर्यंत हात घालून मोरीतून गाळ काढून राहिलो. दोन घमेली निघाला. आई काही बोलली नाही, ओट्यावर बसून पाहत होती, तेच जास्त लागलं.

तर पाळ असते ती यासाठी. पावसाचं पाणी वेगळं, सांडपाणी वेगळं, दोघांची गाठ पडू द्यायची नाही. तुमच्या घरावर टिना आहेत का स्लॅब हे तुम्ही लिहिलं नाही, पण टिना असतील तर हिशोब करून पाहा: दहा बाय वीसची टिनांची एक उतरण म्हणजे 200 स्क्वेअर फूट, त्याच्यावर एक इंच पाऊस पडला की साधारण 470 लिटर पाणी खाली येतं, दोनशेचे दोन ड्रम भरून वर उरेल एवढं. आपल्याकडं श्रावणात एक इंच पाऊस तासाभरात पडणं काही नवलाचं नाही. हे पाणी मोरीत घुसलं तर तुमचा तो चार इंची पाइप ओढून ओढून किती ओढेल. वळचणीची धार मोरीच्या आसपास पडत असेल तर आधी तिला पन्हाळ लावून दुसरीकडं काढा, पाळीचं नंतर पाहू.

आता किती ठेवायची? मोरीच्या बाजूला कच्ची माती असेल तर काठ जमिनीपासून चार इंच तरी वर पाहिजे, कारण माती वाहते, साचते, दरवर्षी थोडी थोडी चढते. पक्कं असेल तर इंचभरही चालतं म्हणतात, पण आपला पाऊस पाहता मी इंचावर काही भरवसा ठेवत नाही. तुमच्याकडं कोबा आहे, तीन इंच ठेवा. न्हाणीची जाळी साडेआठला, काठ तीनला, फरक पडला साडेपाच. सहा नाही भरले, पण चालतंय, त्या अर्ध्या इंचासाठी पाळ अजून खाली नेऊन पावसाला दार उघडं करू नका. फक्त हे सगळं पट्टीनं नका मोजू, कारण कोब्याला उतार असतो अन् पट्टी जिथं टेकवाल तिथला आकडा येतो. पाण्याची नळी घ्या, आत बुडबुडा राहिला नाही पाहिजे, एक टोक न्हाणीच्या जाळीपाशी धरा, दुसरं मोरीच्या काठाशी, अन् भिंतीवर पेन्सिलनं खूण करा. दहा मिनिटांचं काम आहे, मिस्त्री ‘अंदाजानं होते ना ताई’ म्हणेल, त्याला चहा द्या पण नळी धरायला लावा.

तोडायला सुरुवात कराल तेव्हा एक गोष्ट पहिले करा, बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका: मोरीच्या तळाचं जे भोक आहे त्यात जुनं पोतं गच्च कोंबा, आणि त्या पोत्याला सुतळी बांधून सुतळीचं दुसरं टोक बाहेर विटेला बांधून ठेवा. विटांचे तुकडे, प्लास्टरचे खपले, सगळे सरळ त्या भोकात जातात, अन् एकदा वाकणात जाऊन बसले की मग अख्खा पाइप उकरल्याशिवाय निघत नाहीत. सुतळी यासाठी की काम संपल्यावर पोतं काढायचं लक्षात राहिलं पाहिजे. हसू नका, राहून जातं. त्या दिवशी घरात पाणी वापरणं बंद, सकाळीच सगळ्यांच्या आंघोळी उरकून घ्या अन् सैपाकाच्या पाण्याला एक बकेट ठेवा.

मिस्त्री ब्रेकर मशीन घेऊन आला तर त्याला परत पाठवा. भिंतीला टेकून असलेली मोरी आहे, मशीनच्या हादऱ्यानं भिंतीतून आलेल्या पाइपाचा जॉइंट हलतो, वरून काही दिसत नाही, अन् मग वर्षभर पाणी हळूहळू भिंतीच्या आत मुरत राहते. छन्नी-हातोडी घ्या, कोपऱ्यापासून सुरू करा, विटेवर न मारता सांध्यावर मारा, जुना मसाला भुसभुशीत असेल तर थर सुटून येईल. आपल्याकडली वीट तीन इंचाची, वर अर्धा इंच मसाला, म्हणजे एक थर साडेतीनचा. दोन थर काढले की सात गेले, राहिले दोन, वर एक इंचाचं घट्ट प्लास्टर, झाले तीन. अर्धी वीट कापायची पण गरज नाही, अगदी हिशोबातच बसलंय तुमचं.

दोन थर गेले की एक नवीन गोष्ट दिसेल, अन् ती बहुतेक घरांत दिसते. सैपाकघराचा पाइप भिंतीतून निघून आधी पाळीच्या आत पडत होता, आता त्याचं तोंड काठापेक्षा वर राहील. मग भांड्यांचं पाणी सोडलं की अर्धं मोरीत अन् अर्धं कोब्यावर उडणार, आणि तुम्ही म्हणणार भाऊनं सांगितलं म्हणून झालं. तर त्या पाइपाला एक एल्बो आणि वितीचा तुकडा लावून तोंड खाली काठाच्या आत न्या. न्हाणीच्या पाइपाचं पण पाहा. हार्डवेअरच्या दुकानात जाताना पाइपाचा एक छोटा तुकडा कापून सोबत न्या, तोंडी माप सांगितलं की हमखास चुकीचा एल्बो घरी येतो.

नवीन मसाला जुन्या विटेला धरत नाही ही सगळ्यांची तक्रार असते, अन् वर्षभरात ती वरची टोपी पापडासारखी सुटते. ती काऊन सुटते? धूळ झाडत नाहीत, वीट ओली करत नाहीत. तारेच्या ब्रशनं घासा, धुवा, रात्रभर पोतं ओलं करून वर टाकून ठेवा, सकाळी सिमेंटचा पातळ घोळ मारा आणि तो वाळायच्या आत मसाला लावा. एकाला तीन रेती, चाळलेली. एवढ्याला अर्धं पोतं सिमेंट पुरून उरतं, तेव्हा मिस्त्रीनं तीन पोत्यांची यादी दिली तर बाकीचं कुठं जाणार ते विचारा. सामानाचा खर्च काही नाही ताई, एका मिस्त्रीची अन् एका मजुराची दिवसभराची रोजी, तेवढंच.

आता सासूबाईंच्या पडण्याकडं येऊ, कारण नऊचे तीन इंच केल्यानं ते आपोआप थांबेल असं समजू नका, उलट तीन इंच जास्त वाईट, नऊ इंच निदान दिसतात तरी. तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: कोबा केला ‘तेव्हापासून’ पडल्या. म्हणजे पाळ तर एवढी वर्षं तिथंच होती, तेव्हा नाही पडल्या. मग बदललं काय? आधी खाली माती होती, सारवलेली असेल, पिवळसर-तपकिरी, अन् तिच्यात सिमेंटची पाळ वेगळी उठून दिसत होती. आता जमीन पण सिमेंटची अन् पाळ पण सिमेंटची. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला, त्यात मोतीबिंदू उतरत असेल तर, ते सगळं एकच करडं. त्यांना पाळ दिसतच नाही, त्या काही बेसावध चालत नाहीत. तुम्हीच एकदा सातच्या सुमारास चष्मा काढून मागच्या दारात उभ्या राहा.

म्हणून पाळीला बाहेरच्या अंगानं उभी धार ठेवू नका. तीन इंच उंचीला बाहेर सहा इंचाचा उतार द्या, घमेलं पालथं घातल्यासारखा, म्हणजे पायाचा अंगठा आपटायच्या ऐवजी पाय वर चढून जाईल. पण एक, हा उतार नुसता कोब्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर थापू नका, आधी तेवढ्या जागेला टाचे मारून खरबरीत करून घ्या, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात उचलून येईल. पाळीचा माथा किंचित आतल्या बाजूला उतरता ठेवा, उडालेलं पाणी परत आतच गेलं पाहिजे. आतून घोटून गुळगुळीत करा, बाहेरून मात्र घोटू नका, झाडूच्या काड्या ओढा, ओल्या पायाला पकड पाहिजे. आणि सगळं वाळल्यावर, पंधरा दिवसांनी, चारी बाजूंनी पिवळ्या ऑइल पेंटचा पट्टा मारा, रस्त्याच्या दुभाजकाला असतो तसा. सुना म्हणतात कसं दिसतं ते, दिसू द्या. एक बल्ब पण मागच्या भिंतीला लावा, त्याचं बटण दाराच्या आत, बाहेर नको.

आता तराईबद्दल, म्हणजे नवीन मसाला पाणी मारून ओला ठेवण्याबद्दल. मे महिन्यात हे काम काढाल तर दुपारी बाराला प्लास्टर लावू देऊ नका, आपल्याकडं पारा 45 च्या वर जातो, ओला मसाला तासाभरात पांढरा पडते अन् त्याला केसासारख्या चिरा पडतात. सकाळी सातला सुरू करा, दहाला संपवा, वर ओलं पोतं टाका, सात दिवस दिवसातून चार वेळा पाणी मारा. चोवीस तासांनी मोरी वापरायला हरकत नाही, पण गरम पाणी, भाताचा पेज असलं काही दोन दिवस ओतू नका. मृगाच्या आधी उरकलं म्हणजे झालं, पेरणीच्या घाईत मिस्त्री मिळत नाही अन् मिळाला तर त्याचं लक्ष आभाळाकडं असते.

मोरी उघडी आहे तोवर आत वाकून दोन गोष्टी पाहून घ्या. एक, तळाशी वाकण आहे का, म्हणजे पाणी सोडणं बंद केल्यावर पण दोनेक इंच पाणी आत उभं राहतं का. ते पाणी म्हणजे झाकण आहे, पुढच्या लाइनचा वास अन् झुरळं तिथं अडतात. नसेल, सरळ भोकच असेल, तर आत्ताच ट्रॅप, म्हणजे असं पाणी धरून ठेवणारं वाकण, बसवून घ्या, पुन्हा फोडायची वेळ येऊ देऊ नका. असेल तर उन्हाळ्यात घर बंद करून लग्नाला जाल तेव्हा जाताना एक बकेट पाणी ओता अन् वरून चमचाभर गोडं तेल, पाणी लवकर उडत नाही. दोन, मोरी आणि घराच्या भिंतीमधे फट आहे का. काळी माती आहे ना तुमच्याकडं? ती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, पावसात फुगते, अन् या ओढाताणीत भिंत एकीकडं अन् मोरी दुसरीकडं अशी चीर पडते. त्या चिरेतून पाणी जोत्याखाली जातं, आतल्या भिंतीला खालून लोणा चढतो, रंगाचे पोपडे पडतात, अन् घरातले रंगाच्या कंपनीला शिव्या देतात. आणि घूस! घुशीला मोरीच्या बाजूची ओली भुसभुशीत माती म्हणजे माहेर. फट दिसली तर पहिले सळईनं खोल टोचून पाहा, पोकळ लागलं तर बारीक गिट्टीच्या काँक्रीटमधे फुटक्या काचा कालवून ठासून भरा, हा जुन्या लोकांचा उपाय आहे अन् अजून याच्यापेक्षा चांगला मला सापडला नाही. हातात जाड मोजे घालून करा फक्त.

आता, पाळ उतरवल्यानं तुमची लाइन तुंबायची थांबणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पाणी न्हाणीऐवजी अंगणात येईल, बस. ते तुंबतं का हे शोधावंच लागेल. मोरीतून निघणारा चार इंची पाइप पुढं कुठं जातो? ग्रामपंचायतीच्या नालीत जात असेल तर पाऊस पडत असताना छत्री घेऊन जाऊन बघा, नालीतलं पाणी तुमच्या पाइपाच्या तोंडाच्या वर चढतं का. चढत असेल तर दोष तुमच्या मोरीचा नाही, नाली गाळानं भरलीय, पावसाळ्याआधी उपसून घ्यायला पंचायतीत लेखी अर्ज द्या, तोंडी सांगितलेलं कोणाच्या ध्यानात राहत नाही. नालीची पातळी ठीक असेल तर पाइपाचा उतार पाहा, चार इंची पाइपाला दहा फुटाला तीन इंच उतार पाहिजे. तेवढा नसेल तर तेल, चहाचा चोथा अन् भाताची शितं जागोजागी बसतात, दर महिन्याला बांबू घालायचा धंदा मागं लागते.

आणि नाली नसेलच, पाणी मागं वाडीत सोडून दिलं असेल, तर ते डबकं होऊ देऊ नका. पूर्व विदर्भात हत्तीपायाचा आजार अजून आहे, आशाताई दरवर्षी त्याच्याच गोळ्या घेऊन दारावर येतात, अन् तो पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण साचलेल्या पाण्यात वाढतो, अंडं घातल्यापासून आठ-दहा दिवसांत उडून जातो. म्हणजे आठवडाभर न हललेलं पाणी नको. शोषखड्डा करून घ्या, चार बाय चार बाय चार फुटाचा, मधे बाजूला भोकं पाडलेली सिमेंटची टाकी अन् भोवती दगड, याला नांदेड पॅटर्न म्हणतात, पंचायतीत विचारलं तर रोजगार हमीतून पण होतो. फक्त नुसत्या काळ्या मातीत तो जिरत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं, अन् विहिरीपासून पन्नास-साठ फूट लांब, घराच्या जोत्यापासून दहा फूट तरी. हा वेगळा विषय आहे, लागलं तर वेगळं पत्र लिहा.

गाडीचं: घरच्यांना सांगा, मोटरसायकल मोरीवर उभी करायची कल्पना डोक्यातून काढा. जाळीवर स्टँड टेकला की जाळी वाकते, वाकली की नीट बसत नाही, बसली नाही की कोंबडीचं पिल्लू नाहीतर पोराचा पाय आत. जाळी उचलता येईल अशीच ठेवा, सिमेंटनं पक्की करू नका, आठवड्यातून एकदा उचलून आतलं साफ करावंच लागतं.

राहिल्या सासूबाई, अन् खरं तर पहिले त्यांच्याशीच बोलायला पाहिजे होतं. सगळ्या घरात त्या पाळीचा खरा उपयोग करणारं माणूस एकच, त्या. नऊ इंच म्हणजे बसायला ठेंगण्या स्टुलासारखी उंची, हात मोरीपाशी, पाणी जागच्या जागी निघून जातं, एवढी वर्षं तिथं बसून भांडी घासतात, अन् तुम्ही सगळे मिळून त्यांची बसायची जागा तोडायच्या गोष्टी करून राहिले, त्या हात लावू देणार नाहीतच. पण त्या पाळीवर बसायला उठायला गुडघ्याला त्रास होत असेल की नाही? मनगटाचं प्लास्टर निघालं असेल, पण त्या मनगटावर जोर देऊनच त्या उठत असतील ना. मोरीपासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून, एक छोटा ओटा बांधून द्या, दीड-दोन फूट रुंद, वर फरशीचा तुकडा, कडा घासून गोल केलेल्या, आणि त्याच्यापुढं भांडी ठेवायला एक ठेंगणी फरशी, मोरीकडं उतरती. काढलेल्या दोन थरांच्या विटा त्यातच लागतील. उंचीसाठी एक करा, वेगवेगळ्या उंचीच्या दोन-तीन वस्तूंवर, धान्याच्या डब्यावर, खुर्चीवर, स्टुलावर, त्यांना बसायला लावा अन् हाताचा आधार न घेता कशावरून उठता येतं ते पाहा. बहुतेक पंधरा-सोळा इंचाच्या आसपास येईल. तेवढ्या उंचीवरून खाली वाकून घासणं जमत नसेल तर पुढची फरशी पण उचलून घ्यावी लागेल, ते त्यांना बसवूनच ठरवा, मिस्त्रीला विचारू नका.